भंगाराला धुऊ नकोस

केडगाव,
१२ जानेवारी २०२५

कानिफदादास,

अमृतचा नमस्कार. घोडेगाव इथून एसटीनं तासाभराचं, तरी पत्र लिहितो आहे. पाकीट बघून चांगुणावहिनी घाबरल्या असतील, तर त्यांना आधी सांग की आम्ही दोघंही धडधाकट आहोत. पत्र अशासाठी, की तुझा मोबाईल तुझ्या नातीच्या ताब्यात असतो, आणि संस्कृतीला आजोबांचे निरोप साऱ्या आळीत वाटायची सवय आहे. समोर येऊन बोलावं, तर चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवून तू कान घालवून बसलास, त्यामुळे ओरडून बोलावं लागतं. दिवाळीत मी माझी मूळव्याध बरी झाल्याचं तुला सांगितलं, तेव्हा पलीकडच्या वस्तीवरून एकानं 'बरं झालं' म्हणून हात केला होता. भावाभावांच्या गोष्टी अशा ओरडून होत नाहीत.

जूनमध्ये मी निवृत्त झालो. तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कागदावर कालवे काढले, एकाही कालव्यात पाय बुडवला नाही. महिनाभर घरात बसलो, तेव्हा जया म्हणाली, "काहीतरी शोधा, नाहीतर मी शोधते." म्हणून 'चाकोरीबाहेर' नावाच्या मंडळात जातो. जुन्या जीपा बाळगणाऱ्या हौशी लोकांचं हे मंडळ आहे. दर रविवारी ही मंडळी चांगल्या डांबरी रस्त्यानं डोंगरगणच्या पलीकडच्या माळावर जातात आणि तिथे मुद्दाम चिखलात गाडी घालतात. मग दोर लावून एकमेकांना बाहेर काढतात. मग मिसळ. सगळ्यांकडे जीपा आहेत, माझ्याकडे मंडळाची टोपी आहे. माझं काम पुढे उभं राहून डावीकडे-उजवीकडे असे हात करायचं. आजवर माझ्या इशाऱ्यावर दोन जीपा ओढ्यात गेल्या, त्यामुळे आता सगळे मला नावानं ओळखतात.

त्यावरून सहज आठवलं. २००७ साली आमच्या मुलीच्या, रुपालीच्या, कॉलेजच्या प्रवेशासाठी मी माझी जुनी जीप तुला चाळीस हजाराला दिली होती, ती अजून आहे का? असली तर उगाच जागा अडवत असेल. तसं तिच्यात आता काही राहिलेलं नाही. पत्रा गेला, इंजिन म्हातारं, आणि पेट्रोल तर अशी पिते की बघवत नाही. भंगारवाला फार तर वीस हजार देईल. मी पंचवीस देऊन घेऊन जाईन, तेवढीच तुझी जागा मोकळी. मला काय, दारात उभी करून कुंड्या ठेवता येतील.

तुझा,
अमृत

ता. क. तिला धुऊ नकोस. रंग लावू नकोस. एखादा गंजका बोल्टसुद्धा बदलू नकोस. आणि कोणी बघायला आलंच, तर वर ताडपत्री टाक.


घोडेगाव,
२५ जानेवारी

अमृतास कानिफनाथचा रामराम.

पत्र पावलं. चांगुना खरंच घाबरली हुती. पाकीट हातात आल्याबरूबर तिनं डोक्यावर पदर घेतला आनि मंग इचारलं, कोन? आता हसती हाय. मी बोलतो तसंच लिव्हतो. तू हापिसातला मानूस, चुका काढत बसू नको.

जीप हाय की. गिरनीच्या मागं पडवीत उभी हाय. मागल्या सीटवर कोंबडी बसती, तिथंच अंडी घालती. दर दसऱ्याला मी तिला हार घालतो आनि हिरीपत्तुर एक चक्कर मारून आनतो. म्हातारी म्हनतोस, पन काय शिस्तीत चालती. कसला आवाज न्हाई का काय न्हाई.

माज्या कानाचं म्हनशील तर नगरच्या डाक्टरला दाखवाय गेल्तो. दोन्ही कानाला मिशीन लावा म्हनला. किंमत सांगितली ती मातर पयल्या झटक्यात ऐकू आली. म्हनलं, येवढ्यात दोन दुभत्या म्हशी येत्यात. चांगुनाचं बोलनं ऐकाय कोन म्हशी घालवंल? पन एक हाय. संस्कृती शाळेच्या गॅदरिंगमदी गानं म्हनली. मी पयल्या रांगेत बसलो हुतो. तिचं तोंड हलताना बघत हुतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या तवा मी बी वाजवल्या. घरी आल्यावर तिनं इचारलं, आवडलं का? आता काय सांगायचं.

बरं, एक इचारतो, राग मानू नको. तुजी पेन्शन आडकली का? सरकारी नोकरीतनं उठलेला मानूस भंगार गोळा करत फिराय लागला, म्हंजी काय तरी हाय. मोकळं सांग. पैशे तर मी घेनार न्हाई. जीप तुजीच, घिऊन जा. पन असं मळकं जनावर मी दारातनं काढनार न्हाई, लोकं तोंडात शेन घालतील. चांगली घासून, धुऊन, रंगवून, गोंडे बांधून दितो. पाडव्यापत्तुर नवरीवानी करतो. तू काळजी करू नको.

कानिफनाथ


केडगाव,
१ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतो आहे. हातात ब्रश असेल तर तो आधी खाली ठेव आणि मग पुढचं वाच.

पेन्शन वेळेवर येते. मी भंगार गोळा करत नाही. आणि जीप फुकट मुळीच घेणार नाही, पंचवीस म्हणजे पंचवीस. फक्त तिला काही करू नकोस. तुला हे वेड्यासारखं वाटेल, आणि आहेच, पण या हौशी लोकांत गाडी जितकी न सुधारलेली तितका तिला मान. आमचे सुनीलशेठ म्हणून एक कॉन्ट्रॅक्टर आहेत. त्यांच्या जीपच्या दाराला एक पोचा आहे. तो म्हणे १९७९ साली कुणा साहेबाच्या ड्रायव्हरनं पाडला. शेठ रोज सकाळी तो पोचा मऊ फडक्यानं पुसतात. घरच्या लोकांना त्या दाराला टेकायची परवानगी नाही.

त्याचं असं झालं, की मधल्या काळात लोकांनी या जीपांची इंजिनं काढून पंपाला लावली आणि पत्रा किलोवर घातला. आता उरल्यात मोजक्या. उरल्या नाहीत म्हटल्यावर सगळ्यांना त्याच हव्या झाल्या. पाच वर्षांपूर्वी लाखाला कुणी विचारत नव्हतं, आता सहा-सात लाख म्हणतात आणि तरी मिळत नाही. नुसत्या आरशाला चार हजार. परवा एकानं मूळचं हॉर्नचं बटण मिळालं म्हणून पेढे वाटले, मी दोन खाल्ले.

अर्थात त्या वेगळ्या जीपा. आपली तसली नाही.

आपली कसली ते जयाला विचार. लग्नानंतर मी तिला त्याच जीपनं भंडारदऱ्याला नेलं होतं, येताना ती एसटीनं आली. पण काय सांगू, अजून डोळे मिटले की मला तिचा गिअर हाताखाली लागतो. जीपचा. असो. कुंड्यांना बरी पडेल.

तू कानाचं मशीन घेऊन टाक रे. मी पंचवीस देतोच आहे, त्यात थोडी भर घाल.

आणि एक. पुढून घालून इंजिन फिरवायचं ते लोखंडी हँडल पडवीत कुठेतरी असेल, ते शोधून ठेव. मूळचं हँडल नसलं तर जीप अर्धी धरतात. म्हणजे कुंड्यांसाठी काही फरक पडत नाही, पण शोध.

अमृत


घोडेगाव,
१४ फेब्रुवारी

अमृत,

तुजं पत्र आलं पन उशीर झाला. काम उरकलं हुतं.

बाजारात बैलाची शिंगं रंगवनारा हाय, त्यालाच बोलावला. पुढच्या बंपरला तांबडा हिंगूळ दिला, चाकं पिवळी केली. बॉनेटवर मोर काढला. मागं लिव्हून घेतलं, 'आई छबूबाईचा आशीर्वाद'. सीटला मरून रेग्झिन, त्याला पांढरी झालर. सगळे गंजके बोल्ट काढून भंगारवाल्याला दिले, आठ किलो भरले, त्यात चांगुनाला झाकनासकट पातेलं आलं. आरसा फुटका हुता, तो संस्कृतीनं भातुकलीत घेतला. कोंबडी रुसून वैरनीत गेली हाय.

हँडल मला इचारतोस? ते तूच न्हेलंस. आठव. तू जीप आनून दारात लावलीस, तवा आमची आई हुती. ती म्हनली, जनावर इकलं तरी दावं मालकानं ठिवायचं, न्हाईतर घरची लक्षुमी जनावराच्या मागं जाती. तू हसलास. म्हनलास, आत्या, जीपला दावं कुठनं आनू? तर आईनं ते हँडल काढलं आनि तुज्या पिशवीत घातलं. आता तुज्या घरात कुठं हाय ते तू बघ.

आनि एक सांगायचं ऱ्हाईलं. गेली तीन वर्सं त्या जीपला मानसं येत्यात. पुन्याची, नाशकाची. मागच्या शुक्रवारी बाजाराला आलेला पुन्याचा एकजन साडेसहा लाख म्हनला. मी म्हनलं, हिचं दावं केडगावला हाय, मालकाला इचारल्याबिगर मला देता येत न्हाई. पयल्यापास्नं सगळ्यांना हेच सांगतो. तुला भाव ठावं नसंल म्हनून कळवतो. जीप न्हेलीस की कुनी बी यील आनि पंचवीस-तीस हजारात गुंडाळंल. संभाळून ऱ्हा. तू भोळा हायेस.

कानिफनाथ


केडगाव,
२० फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा चष्मा सापडेना, म्हणून मी ते जयाला मोठ्यानं वाचायला दिलं. 'तू भोळा हायेस' इथं ती थांबली. माझ्याकडे बघितलं, पत्र घडी करून टेबलावर ठेवलं आणि आत गेली. थोड्या वेळानं पुन्हा दारात आली, "भोळा," एवढंच म्हणाली आणि पुन्हा आत गेली. त्या दिवशी जेवण वाढलं, पण तूप नव्हतं.

मी भोळा नाही, दादा. भाव मला चांगला ठाऊक आहे. रोज सकाळी देवाला हात जोडायच्या आधी मी मोबाईलवर जुन्या जीपांचे भाव बघतो. तुझी जीप सहाच्या खाली जाणार नाही हे मला पहिलं पत्र लिहितानाच माहीत होतं. म्हटलं, कानिफदादाला कुठं कळतंय. कुंड्या वगैरे सगळं खोटं. आमच्याकडे कुंड्या चारच आहेत आणि त्या गच्चीवर असतात. मला ती जीप हवी होती, फुकटाच्या भावात हवी होती, आणि तू तर फुकटच देत होतास, ते घ्यायचीही लाज वाटली. म्हणजे लाजसुद्धा धड नाही.

पण सगळ्यात वाईट दुसरंच आहे. तू संस्कृतीच्या गाण्याचं लिहिलंस. ते मी वाचलं, आणि उत्तरात लिहिलं की पंचवीसमध्ये भर घालून मशीन घे. स्वतःचं ते वाक्य मला रात्रंदिवस आठवतं आहे. सहा लाखांची वस्तू तुझ्या पडवीत, आणि तू टाळ्या बघून टाळ्या वाजवतोस.

हँडल सापडलं. आमच्या शेवग्याच्या शेंगा उंच लागतात. जयानं ते बांबूच्या टोकाला बांधून आकडा केला आहे. पाच वर्षं आम्ही छबूआत्याच्या लक्ष्मीनं शेंगा पाडतो आहोत. ते सोडवून, घासून, नाही, न घासता, एसटीच्या पार्सलनं पाठवतो आहे. दावं दिलं म्हणजे माझा संबंध संपला.

सुनीलशेठना मी सगळं सांगितलं. बॉनेटवरच्या मोराचं ऐकून ते खाली बसले, त्यांना पाणी द्यावं लागलं. तरी मूळच्या हँडलसकट चार लाख द्यायला तयार आहेत. येत्या शुक्रवारी येतील. रंगानं झालेलं नुकसान माझ्यामुळे झालं. 'धुऊ नकोस' म्हणालो, 'का' ते सांगितलं नाही. का ते सांगितलं असतं तर भाव सांगावा लागला असता.

तू जीप विक आणि दोन्ही कानांना मशीन लाव. संस्कृतीला पुन्हा गायला सांग. मला वाईट वाटतंय का, तर हो, फार वाटतंय. पण टोपी आहे अजून माझ्याकडे.

अमृत


घोडेगाव,
१० मार्च

अमृतास आशीर्वाद.

सुनीलशेठ येऊन गेले. पडवीत शिरताना त्यांनी डोळ्यावर रुमाल धरला हुता. मी ताडपत्री वडली आनि म्हनलं, बघा. त्यांनी रुमाल काढला आनि तसेच उभे ऱ्हाईले.

रंग लावलाच न्हाई रे. मोर न्हाई, झालर न्हाई. एक बोल्ट हालवला न्हाई. कोंबडी सुदिक उठवली न्हाई.

अमृत, मी घोडेगावचा हाय. कळतं झाल्यापास्नं जनावराचा बाजार बघतो. गिऱ्हाईक जनावराला नावं ठिवाय लागलं, दात पडलेत, पाय वाकडा हाय, की समजायचं त्याला तेच पायजे. तू तर पयल्याच पत्रात पत्र्यापास्नं पेट्रोलपत्तुर नावं ठिवलीस, आनि खाली म्हनतोस धुऊ नको. भंगाराला धुऊ नको कोन म्हनतं? ताडपत्री कोन टाकतं? मी चांगुनाला वाचून दावलं, ती बी लगीच म्हनली, भावजींचा जीव आडकलाय. म्हनलं, बघू खरं कवा बोलतो. तीन पत्रं लागली तुला. पयल्याच पत्रात 'दादा, मला पायजे' येवढं लिव्हलं असतंस, तर त्याच दिशी जीप केडगावला आनून लावली असती.

आता मातर तूच शेठला पाठवलंस, आनि माज्या कानासाठी पाठवलंस, म्हनून मी न्हाई म्हनलं न्हाई. सहा लाखाला दिली. इसार आला त्याच दिशी नगरला जाऊन मिशीन घेतलं.

पन हँडल त्यांना दिलं न्हाई. दावं देत न्हाईत. शेठ लई चिडले. म्हनलं, दुसरं मिळतं की बाजारात. तर म्हनले, नको, मूळचंच पायजे. म्हनलं, मूळचं केडगावलाच ऱ्हाईल. जीपचा सेल्फ दोन वर्सं झाली गेलाय, सपाट माळावर हँडल मारल्याबिगर ती सुरू हुनार न्हाई. मी आपला उतारावरनं ढकलून सुरू करत हुतो. म्हनलं, सेल्फ दुरुस्त करून दिऊ का? तर शेठ वरडले, हात लावू नका, मूळचा हाय. मंग म्हनलं, बघा आता तुमीच. दर रइवारी अमृतला हँडल घिऊन बोलवायचं, तो मारनार, आनि मंग शेजारी बसनार. अर्ध्या माळावर तुमी चालवायची, अर्ध्या माळावर तो. कागदावर लिव्हून सही घेतली हाय. कागद आनि हँडल पार्सलनं परत पाठवलंय. पुन्यांदा शेंगाला लावू नको.

कानाचं सांगतो. शेठ जीप न्ह्याला आले तवा मिशीन कानात हुतं. पोरांनी ढकलली, जीप सुरू झाली. आरं, केवडी खडखड करती ती. अठरा वर्सं मला वाटत हुतं शिस्तीत चालती, आवाज न्हाई. मी चांगुनाला म्हनलं, ही पयल्यापास्नंच अशी वाजती का? ती म्हनली, गिरनी बरी.

रात्री संस्कृती गायली. खरं सांगतो, सुरात न्हाई गात. पन दोन वेळा म्हनाय लावलं आनि दोन्ही वेळेला मी रडलो. तिनं इचारलं, आवडलं का? ह्या वेळेला सांगाय आलं.

आता फोन करत जा. ऐकू येतं.

कानिफनाथ


केडगाव,
७ एप्रिल

दादा,

अक्षर वेगळं दिसेल. मी सांगतो आहे आणि जया लिहिते आहे, कारण माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

पहिल्या रविवारी सगळं मंडळ गोल करून उभं राहिलं. मी टोपी नीट केली, हँडल घातलं आणि फिरवलं. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूला ठेवायचा, नाहीतर इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट जातं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पाच वर्षं शेंगा पाडल्या की माणूस विसरतो. (शेंगा मी पाडत होते. जया.)

पण जीप सुरू झाली. हाताला रुमाल बांधून मी आधी माझा अर्धा माळ डाव्या हातानं चालवला, मग दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे. शेठ म्हणाले, तोपर्यंत जीप हलणार नाही, तुमच्याशिवाय कोण सुरू करणार. दर रविवारी ती तशीच उभी असते आणि मी शेजारच्या सीटवर बसून मिसळ खातो. दोन जणांनी माझ्या प्लास्टरवर रंग न लावण्याबद्दल सूचना केली आहे.

तू फोन कर म्हणालास, म्हणून परवा केला. सवयीनं मी ओरडूनच सुरुवात केली. तू हळूच म्हणालास, "ऐकू येतंय, अमृत." त्यावर मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल नेटवर्क गेलं. नेटवर्क होतं.

अमृत